शेतावर जेवायला जायचं? तारीख पिकाला विचारा

शेतावर जेवायला जायचं म्हटलं की बहुतेक घरांत आधी रजा ठरते, मग जागा शोधली जाते आणि सगळ्यात शेवटी विचारलं जातं, "तिथं खायला काय असतं?" हा क्रम उलटा करा. आधी पीक ठरवा, मग ते जिथं उत्तम येतं तो तालुका आणि रजा शेवटी. एका वावरातला हुरडा जेमतेम आठवडा-दहा दिवस खाण्याजोगा असतो. भांबुर्डीचा रानपाला सुकला की पोपटीची, म्हणजे मडक्यात भाजलेल्या वालाच्या शेंगांची, अर्धी चव जाते. चुलवण, म्हणजे रस आटवायची मोठी चूल, विझल्यावर गुऱ्हाळावर गेलात तर रिकामी काहील, म्हणजे रसाची कढई, बघून परतावं लागतं. मग यजमान बिचारा पनीरची भाजी आणि गुलाबजाम वाढतो, आणि पाहुणे म्हणतात, हे तर हॉटेलात पण मिळालं असतं.

महाराष्ट्रापुरतं वर्ष ढोबळमानानं असं चालतं. मे संपता संपता पहिल्या सरींवर शेवळं ही रानभाजी येते, पुढे जून ते ऑगस्ट बाकीच्या रानभाज्या. ऑक्टोबर-नोव्हेंबरात मावळात इंद्रायणी आणि आजऱ्याकडे घनसाळ तांदूळ खळ्यावर येतो. नोव्हेंबरापासून मार्चपर्यंत गुऱ्हाळं पेटलेली असतात. डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीअखेर, फार तर फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत हुरडा. त्याच थंडीत खानदेशात भरीत आणि रायगडात पोपटी. डिसेंबर ते एप्रिल महाबळेश्वर-पाचगणीची स्ट्रॉबेरी, एप्रिल-मे कोकणचा आंबा. पेरणी उशिरा झाली, परतीचा पाऊस लांबला किंवा थंडी पडलीच नाही, तर यातली प्रत्येक तारीख पंधरा दिवस पुढेमागे होते. म्हणून दिनदर्शिकेवर विसंबू नका, फोन करा.

फोनवर काय विचारायचं

दर आणि पत्ता सगळेच विचारतात. खरी माहिती पुढच्या प्रश्नांतून मिळते.

पहिला प्रश्न पिकाच्या अवस्थेचा. "हुरडा आहे का?" असं विचारलंत तर उत्तर "आहे" असंच येणार. त्याऐवजी विचारा, "आज दाणा चिकात आहे की भरलाय? आम्ही शनिवारी आलो तर कसा असेल?" स्वतःचं पीक असलेला माणूस लगेच सांगतो, "वरच्या वावरातला संपत आलाय, खालचा उशिरा पेरलेला आहे, तो शनिवारी बरोबर सापडेल." असं उत्तर आलं की निम्मं काम झालं. टप्प्याटप्प्यानं, आठ-दहा दिवसांच्या अंतरानं पेरणी केलेली शेतंच पूर्ण हंगाम चांगला हुरडा देऊ शकतात. म्हणून "पेरणी किती टप्प्यांत केलीय?" हाही विचारण्यासारखा प्रश्न आहे.

दुसरा प्रश्न, त्या दिवशी एकूण किती माणसं येणार आहेत. ऐंशी माणसांच्या गर्दीत भाजलेलं कणीस तुमच्यापर्यंत गरम पोचत नाही. जमलं तर मंगळवार-बुधवार गाठा.

तिसरा प्रश्न, जेवणातलं काय शेतातलं आणि काय बाजारातलं. तेल, मीठ, चहापत्ती बाहेरून येणारच, त्यात गैर काही नाही. पण भाकरीची ज्वारी, भाजी, दूध-दही आणि शेंगदाणे तरी घरचे किंवा गावातले असावेत. स्पष्ट विचारलं तर शेतकरी स्पष्ट सांगतो, आणि "दही शेजारच्यांचं असतं" असं सांगणाऱ्या माणसावर जास्त विश्वास ठेवायला हरकत नाही.

चौथा प्रश्न फवारणीचा. द्राक्ष, स्ट्रॉबेरी, टोमॅटो असं थेट तोडून तोंडात टाकण्यासारखं काही असेल तर शेवटची फवारणी कधी झाली ते विचारा. प्रत्येक औषधाच्या लेबलवर फवारणी आणि तोडणी यांत किती दिवस जायला हवेत ते लिहिलेलं असतं आणि बागायतदाराला ते माहीत असतं. फळ धुऊनच खा. मुलांना हे आधी सांगून ठेवा, कारण बागेत शिरल्यावर ती ऐकत नाहीत.

मुक्काम करणार असाल तर शौचालय, पिण्याचं पाणी आणि रात्रीची वीज यांचीही चौकशी करा. महाराष्ट्राचं कृषी पर्यटन धोरण २०२० साली आलं. त्याखाली पर्यटन संचालनालय केंद्रांची नोंदणी करतं, तेव्हा नोंदणी प्रमाणपत्र आहे का हे विचारायला संकोच नको. मात्र चांगलं खाऊ घालणारी कितीतरी घरं नोंदणीच्या वाटेला गेलेलीच नसतात. एका दिवसाच्या जेवणासाठी प्रमाणपत्रापेक्षा पिकाबद्दलची उत्तरं जास्त कामाची.

हुरडा: दाणा, आगटी आणि हात

हुरडा म्हणजे रब्बी ज्वारीचा कोवळा दाणा. सोलापूर, अहिल्यानगर, बीड, परभणी, छत्रपती संभाजीनगर आणि पुणे जिल्ह्याचा पूर्वेकडचा कोरडा पट्टा, म्हणजे शिरूर, दौंड, बारामती, इंदापूर, हे त्याचं घर. काळ्या जमिनीत मुरलेल्या ओलीवर ही ज्वारी सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरतात आणि साधारण नव्वद ते शंभर दिवसांनी ती हुरड्यावर येते.

सगळ्याच ज्वारीचा हुरडा सारखा होत नाही. मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन आहे, तिथल्या मालदांडीची भाकरी अप्रतिम होते. पण मालदांडीचा कोवळा दाणा तुसातून सहज सुटत नाही. चोळून हात दुखतात आणि तोंडात कोंडा येतो. हुरड्यासाठी गुळभेंडी, सुरती, कुची काची अशा स्थानिक जाती राखल्या जातात. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठानं खास हुरड्यासाठी 'फुले उत्तरा' आणि 'फुले मधुर' हे वाण दिले, तर परभणीच्या कृषी विद्यापीठानं 'परभणी वसंत'. फोनवर वाणाचं नाव विचारा. "ज्वारीच आहे की, तिला काय नाव?" असं उत्तर आलं तर तिथं हुरड्यासाठी वेगळी पेरणी झालेली नसण्याचीच शक्यता जास्त.

शेतात पोचलात की आगटीकडे, म्हणजे कणसं भाजायच्या खड्ड्याकडे, जाण्याआधी उभ्या पिकाजवळ जा. ज्वारीचं कणीस शेंड्याकडून खाली भरत येतं. म्हणजे वरचा दाणा पुढे असतो आणि बुडाचा मागे. म्हणून परीक्षा मधल्या दाण्याची करायची. एक दाणा काढा आणि नखानं दाबा. पांढरं दूध उडालं तर दाणा अजून चिकात आहे. असा दाणा भाजल्यावर आक्रसतो आणि हाती नुसती साल राहते. नख अडलं आणि आत कोरडं पीठ दिसलं तर वेळ गेली, आता त्याची भाकरीच. नख सहज रुतलं, दूध आलं नाही आणि दाणा मऊ कणकेसारखा चेपला गेला, तर चावून बघा. तो गोड लागतो. हाच हुरडा.

कणसं त्याच दिवशी, शक्यतो सकाळी कापलेली हवीत. कापून ठेवलेल्या कणसातला गोडवा उतरतो आणि दाणा सुकायला लागतो. आदल्या संध्याकाळची कणसं पोत्यातून निघताना दिसली तर "ताजी कापू या का?" असं विचारा. बहुतेक ठिकाणी लगेच कोयता निघतो, शिवाय कणसं कापायला मुलांना सोबत घेतात. पिकात शिरताना मात्र बाह्या पूर्ण हव्यात. ज्वारीच्या पानाची धार कातडीवर ओरखडे काढते आणि घामावर तिची कूस बसली की खाज थांबत नाही.

आगटी म्हणजे जमिनीत वीतभर खोल आणि हातभर रुंद खड्डा. त्यात गोवऱ्या रचून पेटवायच्या आणि धूर पूर्ण जाईपर्यंत थांबायचं. वर पांढरी राख, खाली लालभडक आर, अशी स्थिती यायला पाऊण तास सहज लागतो. ज्वाळा असताना कणीस घातलं तर तूस जळतं, दाण्याला करपट वास लागतो आणि आतून तो कच्चाच राहतो. बहुतेक फसलेला हुरडा इथं, घाईत फसतो. दुपारी बाराला पोचून साडेबाराला खायचं असेल तर आगटी आधी पेटवून ठेवायला सांगा.

आर तयार झाला की पाच-सहा कणसं देठ बाहेर ठेवून आत खोचायची आणि वरून आर ओढायचा. दोन मिनिटांनी फिरवायची. एकूण तीन ते पाच मिनिटं पुरतात. हिरवा रंग थोडा गडद होतो, गोडसर वास सुटतो आणि दाणा फुगून तूस सैल पडतं. कणीस बाहेर काढून देठाला धरून आपटायचं, राख झाडायची आणि गरम असतानाच दोन्ही तळव्यांत चोळायचं. भाजणाऱ्याच्या हातांना सवय असते. तुमच्या हातांना नसेल तर तरटाच्या तुकड्यात धरून चोळा. कणीस गार झालं की तूस पुन्हा चिकटतं, म्हणून इथं वेळ घालवायचा नाही. चोळलेलं सुपात घेऊन दोन-तीनदा पाखडलं की हिरवा, वाफाळता दाणा वेगळा होतो.

तो लगेच खायचा. पाच मिनिटांत दाणा चिवट व्हायला लागतो. ताट भरून घेऊन गप्पा मारत बसण्यापेक्षा मूठ मूठ घेत आगटीभोवतीच बसावं, हुरड्याची बैठक अशीच असते. सोबत शेंगदाण्याची, लसणाची, जवसाची, कारळाची चटणी, गूळ, घट्ट दही, गोडी शेव, रेवड्या. एका माणसाला दोन-तीन भरलेली कणसं पुरतात. त्याहून जास्त खाल्लंत तर पोट जड होतं, आणि तरीही लोक दुपारच्या पिठलं-भाकरीवर ताव मारतात. वर गार पाणी ढोसू नये, ताक प्यावं, असं गावात सांगतात. ते ऐकावं.

एका आगटीवर एक भाजणारा आणि दोन चोळणारे असले तर दहा-बारा माणसांना गरम हुरडा मिळत राहतो. तुम्ही पंचवीस जण असाल तर दोन आगट्या लावायला आधीच सांगा. एकच आगटी असेल तर यजमानाला आधीच भाजून डब्यात साठवावं लागतं आणि तुमच्या वाट्याला गार दाणे येतात. यात दोष त्याचा नाही.

ज्वारीचा हंगाम हुकला तरी हात हलवत परतू नका. हरभऱ्याचे डहाळे भाजून केलेला हुळा आणि फेब्रुवारीतल्या गव्हाच्या ओंब्या याच आगटीवर होतात.

येळवस: जिथं पैसे चालत नाहीत

लातूर, धाराशिव आणि सोलापूरच्या सीमेलगतच्या गावांत मार्गशीर्ष अमावास्येला वेळा अमावास्या असते. बोलीत येळवस. ती डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत केव्हाही येते, पंचांग बघा. त्या दिवशी शहरं ओस पडतात, दुकानं बंद असतात, स्थानिक सुट्टी दिलेली असते आणि सगळं घर शेतात जातं. कडब्याच्या पेंढ्यांची कोप उभारतात, तिच्यात पांडवांची पूजा होते आणि मग पंगत बसते. भज्जी, म्हणजे वाल-तूर-हरभऱ्याचे कोवळे दाणे आणि हंगामातल्या भाज्या एकत्र शिजवून बेसन लावलेली दाट भाजी. ज्वारी-बाजरीचे उंडे. गव्हाची खीर. आणि मडक्यातली आंबील, ज्वारीचं पीठ आणि ताक यांची, लसूण-जिऱ्याची.

वाटेनं जाणाऱ्यालाही हाक मारून बसवण्याची तिथली रीत आहे. तरी ओळखीच्या माणसाकरवी आधी निरोप पाठवून जाणं चांगलं. हा सण आहे, पर्यटनाचं पॅकेज नाही. पैसे काढू नका, यजमानाचा चेहरा पडेल. घरातल्या मुलांसाठी खाऊ किंवा फळांची पिशवी न्या. पूजा होण्याआधी कोपीत शिरू नका, फोटो विचारून काढा. आदल्या दिवशीच लातुरात पोचा, कारण त्या सकाळी वाटेत चहाची टपरीसुद्धा उघडी सापडणं कठीण.

पोपटी: एका मडक्याचा हिशेब

रायगडात, म्हणजे अलिबाग, पेण, रोहा, मुरूड भागात, भात कापल्यावर उरलेल्या ओलीवर वाल पेरतात. जानेवारी-फेब्रुवारीत शेंगा भरल्या की रात्री शेतात पोपटी लागते. ती विकत मिळते, पण स्वतः लावण्यात खरी गंमत आहे. कुठल्याही शेतघरी यजमानाला विचारून ती करता येते.

आठ-दहा माणसांसाठी लागतं ते असं: वालाच्या भरलेल्या शेंगा ३ ते ४ किलो, लहान बटाटे १ किलो, तेवढीच रताळी किंवा कोनफळ, अंडी १०, हवी असल्यास दीड किलो कोंबडी लहान तुकड्यांत, जाडं मीठ दोन मुठी, ओवा अर्धी वाटी आणि भांबुर्डीचा भरपूर पाला, दोन मोठे भारे. भांबुर्डी पावसाळ्यानंतर पडीक रानात आणि बांधावर उगवते, तिला उग्र वास असतो आणि तोच शेंगांत उतरतो. फेब्रुवारी सरता सरता ती वाळते. मग केळीची पानं घालून काम भागवतात. शिजतं, पण ती पोपटी नव्हे.

मडकं विकत घेताना बोटानं वाजवून बघा. खणखणीत आवाज आला तर ठीक, बद्द आवाज आला तर कुठंतरी तडा आहे आणि तो जाळात उघडा पडणार. तोंड इतकं हवं की हात आत जाईल.

कोंबडीला आलं, लसूण, हिरवी मिरची, कोथिंबीर, लिंबू आणि मीठ यांचं वाटण तासभर आधी लावून केळीच्या पानात पुड्या बांधा. मडक्याच्या तळाला आणि कडेनं भांबुर्डी दाबून बसवा. त्यावर शेंगांचा थर, मीठ, ओवा. मग बटाटे, रताळी, पुन्हा शेंगा. अंडी आणि पुड्या मधोमध, कडेला टेकता कामा नयेत, कारण तिथलं अंडं हमखास फुटतं. वर पुन्हा शेंगा. पाणी एक थेंबही घालायचं नाही, शेंगांच्या आणि पाल्याच्या ओलाव्यात सगळं शिजतं. शेवटी तोंडाशी पाला ठासून भरा. मडकं गच्च भरलेलं हवं. अर्धं भरलं तर उपडं करताना थर ढासळतात, पाल्याचं बूच सैल होतं आणि राख आत जाते.

मडकं जमिनीवर उपडं ठेवून भोवती आणि वर गोवऱ्या, काटक्या आणि पेंढा रचून पेटवा. अर्धा ते पाऊण तास जाळ सगळीकडून सारखा राहिला पाहिजे. वारा एका बाजूनं असेल तर त्या बाजूच्या शेंगा करपतात आणि विरुद्ध बाजूच्या कच्च्या राहतात. म्हणून वाऱ्याच्या बाजूला आडोसा करा किंवा उलट बाजूला जळण जास्त घाला. शिजलं का हे बघायला मडक्यावर पाण्याचे चार थेंब शिंपडतात. चुर्र आवाज होऊन पाणी क्षणात उडालं की जाळ ओढून घ्यायचा. दहा मिनिटं थांबा, ओल्या तरटानं धरून मडकं सुलटं करा आणि तोंडाचा पाला काढताना चेहरा लांब ठेवा, वाफ जोरात येते. कोंबडीचा जाड तुकडा फोडून बघा. आत गुलाबी दिसला तर त्या पुड्या निखाऱ्यावर आणखी दहा मिनिटं.

शेंगा केळीच्या पानावर ओतून सोलत खायच्या. परतीच्या वाटेवर अलिबागच्या पांढऱ्या कांद्याच्या माळा फेब्रुवारीपासून मिळू लागतात. त्या घ्याच.

गुऱ्हाळावर पाहुणा

कोल्हापुरी गुळाला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. करवीर, पन्हाळा, कागल भागात हंगामात रस्त्यावरूनच गोड धूर लागतो. जाण्याआधी एवढंच विचारा: "आधण किती वाजता उतरणार?" एक आधण, म्हणजे काहिलीतला एक डाव, अडीच-तीन तास घेतं. उतरायच्या तासभर आधी पोचलात तर रस, मळी, काकवी आणि गूळ अशा चारही अवस्था बघायला मिळतात. आधण उतरल्यावर पोचलात तर पुढच्यासाठी बसून राहावं लागेल.

चरकातून आलेला रस गाळून काहिलीत येतो. खाली चुलवणात उसाचीच वाळलेली चिपाडं जळतात. रस तापताना चुन्याची निवळी घालतात, त्यानं आंबटपणा मोडतो. भेंडीच्या झाडांचा चिकट रसही घालतात. गाळ त्या चिकटीत अडकून फेसासोबत वर येतो, तीच मळी. ती झाऱ्यानं काढत राहावी लागते. इथं आळस झाला तर गूळ काळपट होतो आणि टिकत नाही. तापमान साधारण १०५ अंशांच्या आसपास आलं की काकवी, ११८ अंशांच्या जवळ गेलं की गूळ. पण गुळव्या तापमापकाकडे फारसा बघत नाही. तो उकळता पाक गार पाण्यात टाकतो, बोटांनी गोळा करतो आणि भांड्यावर मारतो. टणक आवाज आला की काहील उतरवायची खूण होते. दोन मिनिटं उशीर झाला तर पाक लागतो, लवकर उतरवला तर गूळ पाझरतो. सगळ्या आधणाची किंमत त्या एका गोळीवर ठरते, म्हणून त्या पाच मिनिटांत गुळव्याला प्रश्न विचारू नका, फोटोसाठी वळायला सांगू नका. मुलं काहिलीपासून निदान दहा फूट लांब. उकळता पाक कातडीला चिकटतो आणि खोल भाजतो.

गूळ घेताना पिवळ्याधमक रंगावर जाऊ नका. इतका फिका रंग आणायला अनेकदा हायड्रॉस पावडर वापरतात. निव्वळ चुना-भेंडीवरचा गूळ सोनेरी तांबूस ते गडद तपकिरी असतो. गडद रंगाचं कारण दर वेळी चांगलंच असतं असंही नाही. खारपड जमिनीतल्या किंवा युरिया जास्त पडलेल्या उसाचा गूळसुद्धा काळपट, मऊ आणि किंचित खारट होतो. म्हणून चाखून घ्या. जिभेवर खारट लागला तर नको.

जळगावचं भरीत

खानदेशात थंडीत भरताचे कार्यक्रम शेतात होतात. जळगावच्या भरिताच्या वांग्याला मानांकन आहे, यावल तालुक्यातल्या बामणोदचं नाव त्यासाठी घेतलं जातं. वांगी फिकट हिरवी, पांढऱ्या रेषांची, मोठी. आकाराच्या मानानं हलकं वांगं घ्या, जड वांग्यात बिया भरलेल्या असतात. पऱ्हाटीच्या, म्हणजे वाळलेल्या कपाशीच्या काड्यांच्या जाळावर ती भाजतात, साल काढतात आणि लाकडी बडगीत कुटतात. गॅसवर भाजून पातेल्यात घोटलेलं भरीत वेगळंच लागतं, म्हणून फोनवर "पऱ्हाटीवर भाजणार ना?" हे विचारून घ्या. दहा माणसांना तीन-साडेतीन किलो वांगी लागतात. सोबत ज्वारी आणि उडीद दळून केलेली कळण्याची भाकरी किंवा पुऱ्या. हिरवी मिरची सढळ असते, तिखट झेपत नसेल तर कुटण्याआधी सांगा, नंतर काही करता येत नाही.

पावसातलं ताट

अकोले, इगतपुरी, जव्हार, मुरबाड या पट्ट्यात पावसाळ्यात जेवणारे पर्यटक कमी असतात आणि ताट मात्र सगळ्यात समृद्ध असतं: फोडशी, टाकळा, कुर्डू, भारंगी, कर्टोली. अकोल्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना देशी बियाणं जपण्याच्या कामासाठी २०२० साली पद्मश्री जाहीर झाली. त्या भागातल्या घरांत वालाच्या आणि भाताच्या जुन्या जाती अजून शिजतात, त्या मागून खाव्यात.

रानभाजी स्वतः खुडून आणायचा मोह टाळा. कळलावीसारखी जीवघेणी वेलही त्याच पावसात त्याच बांधावर वाढते. खाण्याजोगी भाजीही कशी शिजवतात ते महत्त्वाचं. शेवळं नुसती शिजवली तर घसा खवखवतो. आतला पिवळट भाग काढून, काकडाच्या आंबट फळांसोबत किंवा चिंच-कोकम घालून ती करावी लागतात. बाजारात शेवळं घेतलीत तर शेजारी ठेवलेली काकडंही घ्या आणि विकणाऱ्या बाईलाच कृती विचारा. ती नीट सांगते.

पैसे, आणि घरी नेताना

शेतावरच्या जेवणाचा दर हॉटेलच्या थाळीशी ताडून बघू नका. हुरड्यासाठी कोवळी कापलेली ज्वारी पुढे धान्य म्हणून विकता येत नाही. पाखरं राखायला महिनाभर माणूस उभा असतो. भाजायला, चोळायला, भाकऱ्या थापायला चार माणसं लागतात. गटानं जाणार असाल तर आगाऊ रक्कम द्या आणि माणसं कमी होणार असतील तर आदल्या दुपारपर्यंत कळवा. सकाळी कणसं कापल्यावर रद्द केलंत तर पैसे परत मागणं रास्त नाही.

हुरडा घरी न्यायचा असेल तर भाजून, पाखडून, पूर्ण गार झालेला घ्या. गरम दाणे पिशवीत भरले की वाफेनं ओले होऊन संध्याकाळपर्यंत आंबूस वास मारतात. घरी पोचल्यावर हवा काढून, एका वेळेला लागेल एवढ्या पुड्या करून फ्रीझरमध्ये ठेवा. खाताना तव्यावर थोड्या तुपात मीठ घालून परता, किंवा भरड वाटून थालीपिठात घाला. काकवी काचेच्या कोरड्या बाटलीत घ्या आणि त्यात ओला चमचा घालू नका, नाहीतर ती फसफसते. सेंद्रिय गूळ पावसाळ्यात पाझरतो, तो जूनच्या आधी हवाबंद डब्यात भरावा. मावळातून नवा इंद्रायणी आणलात तर पहिल्या भाताला नेहमीपेक्षा पाणी कमी घाला. नव्या तांदळाचा भात चिकट होतोच, नेहमीएवढं पाणी पडलं तर त्याची पेज होते.